समुद्राकाठच्या किल्ल्यातला दादा

माझा दादा आठवड्याची एकुलती एक सुट्टी पडक्या रोमन किल्ल्यात का घालवायचा? वहिनीला विचारलं, हॉस्पिटलमधल्या त्याच्या दोस्तांना विचारलं, त्यालाही विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. किस्से मात्र ढिगानं मिळाले.

*

दादा इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला नर्स होता आणि रविवारी किल्ल्यात व्हॉलंटिअर गाइड. मी नववी नापास, त्याच्याकडे राहून एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारा. पहिल्यांदा किल्ल्यात गेलो ते ट्रेकिंगचे बूट घालून. बघतो तर सगळं सपाट!

"दादा, चढ कुठाय?"

"इथं डोंगर नाही रे. म्हणून तर एवढ्या उंच भिंती बांधल्या!"

*

सतराशे वर्षांच्या गारगोटीच्या भिंती, मध्येमध्ये लाल विटांचे पट्टे. भरतीला पाणी पार पायथ्याशी येतं. एकदा खाली पडलेला एक दगड मला दिसला. मी चिखल कालवला आणि दगड भिंतीत बसवायला लागलो.

व्हॉलंटिअरांची म्होरकी जीन, वय पंच्याहत्तर, धावत आली. "ठेव तो खाली! जुन्या भिंतीला हात लावायचा नसतो. पडलाय तर पडून राहू दे!"

दादाला दोन पानी रिपोर्ट लिहावा लागला. पुढच्या रविवारी जीननं मलाही व्हॉलंटिअरचं पिवळं जॅकेट दिलं. म्हणाली, "म्हणजे तू कुठं आहेस ते लांबूनच दिसेल!"

*

दादाच्या टूरमध्ये शाळेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग रोमन लोक गेले का?"

जीननं त्याच्याकडून सैन्य, बंडं, रोमची भांडणं असं सगळं पाठ करून घेतलं होतं. दादा आदल्या रात्रीची ड्युटी करून आलेला. जांभई दाबत म्हणाला, "शिफ्ट संपली त्यांची!"

*

मार्चमध्ये दादा गेला. कामावरून आला, बूट काढायला खाली बसला, आणि परत उठलाच नाही.

जीन घरी आली ती ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन. सांत्वन वगैरे काही केलं नाही. सिंकमधले सगळे कप धुतले आणि जाताना मला म्हणाली, "भांडं परत द्यायला किल्ल्यात ये. पोस्टानं घेणार नाही!"

असं कुणी बोलावलं नसतं, तर मी परत तिकडं फिरकलो नसतो.

*

भांडं द्यायला गेलो तर जीन बोर्डासमोर उभी. बोर्डावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं: 'रविवारी मराठीतून टूर'. त्याची पहिलीच. बावीस जणांनी नावं दिली होती. जीनला ती रद्द करायची होती, पण हातातलं पेन काही चालत नव्हतं.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुला इतिहास येतो?"

"नाही. दादा काय बोलायचा ते येतं."

*

बावीसच्या बावीस आले. सबनीस काकूंच्या हातात काठी आणि पाठीवर पिठलं-भाकरी. गडावर जायचं म्हणजे तेच न्यायचं! आल्या आल्या विचारतात, "गडाची देवी कुठाय रे?"

मी जीनकडे बोट केलं. काकूंनी पहिली भाकरी तिच्या हातावर ठेवली. वर मिरचीचा ठेचा! जीननं डोळे पुसत पुसत पूर्ण संपवली.

समुद्राकडच्या दरवाज्यात मात्र मी अडकलो. "दादा म्हणायचा..." एवढंच आलं. कुणी घड्याळ बघितलं नाही. एक आजोबा म्हणाले, "बस जरा. किल्ला कुठं पळून जातोय!"

मी बसलो, तसे तेही सगळे गवतात बसले. मग उठून टूर पूर्ण केली.

*

पाच वाजता सगळे गेले. फाटक लावण्याआधी एकानं आत पूर्ण फेरी मारायची आणि प्रत्येक कोपऱ्यात हाक द्यायची, अशी तिथली पद्धत. म्हणजे कुणी आत कोंडलं जात नाही. ही फेरी नेहमी दादाची असायची. त्या दिवशी जीननं मला पाठवलं.

मी चारही भिंतींच्या कडेनं फिरलो. प्रत्येक कोपऱ्यात थांबून ओरडलो, "दादा, बंद करतोय रे! चल!"

फाटकाशी जीननं विचारलं, "सगळे आले बाहेर?"

"एक मिनिट," मी म्हणालो, आणि एका माणसाला जाता येईल एवढं फाटक धरून उभा राहिलो.

मग लावलं.