मागच्या खोलीत किती?

“माल मुका हाय रं बाला, त्याला इचाराया लागतं,” असं म्हणत काका हाताची उलटी बाजू खोक्यावर टेकवायचे. दापोड्यातल्या औषधांच्या गोदामात ते थंड खोल्यांचे राखणदार. दर तासाला आत जाऊन थर्मामीटर बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं काम.

मी तिथे बिनतारी सेन्सर बसवायला गेलो. छोट्या डब्यातला मायक्रोकंट्रोलर दर मिनिटाला तापमान मोबाइलवर पाठवणार, वाढलं की भोंगा वाजणार. नव्या यंत्रावर माणूस कसा भाळतो, तुम्हीही पाहिलं असेल. आयती खुंटी मिळाली म्हणून मागच्या खोलीतला डबा मी थेट आतल्या बाजूच्या कूलिंग युनिटच्या पंख्यासमोर टांगला.

“पंख्याला इचारून मालाचं कलनार हाय का?” काका म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली. जनरेटर लागला, पण मागच्या खोलीतल्या दोन कूलिंग युनिटांपैकी दाराकडचं सुरूच झालं नाही. काका धावत आले. “पाटची खोली तापली! इन्सुलिन हाय आत!”

“मोबाइलवर चार अंश आहे, काका.”

त्यांनी मनगट धरून मला आत ओढलं. दाराजवळच्या खोक्यांत त्यांचा थर्मामीटर सात दाखवत होता. आठ ओलांडले की माल बाद, आणि चूक सर्वस्वी माझी. हमाल धरून आम्ही पाच जण खोकी शेजारच्या खोलीत हलवू लागलो. काका आकडा ओरडून सांगत होते. साडेसात. पावणेआठ. तेवढ्यात शेवटचं खोकं बाहेर पडलं.

“आता डबे कुठे लावू?” मी खाली मान घालून विचारलं. रागावायचं सोडून त्यांनी सहा जागा दाखवल्या. “हितं दार उगडलं की गरम वारा पयला येतो. तितं गार वारा पोचतच न्हाय.” जन्मभराचं शहाणपण त्यांनी पाऊण तासात माझ्या हवाली केलं.

महिनाभराने मालकांनी मला विचारलं, “आता वहीवाला माणूस लागेल का?” खरं उत्तर ‘नाही’ होतं. मी ते दिलं. त्याची लाज अजून वाटते.

काका कुरकुर न करता घरी बसले. त्यांचं गाव शेजारचंच, दोन्हीकडची लाईट एकाच वेळी जायची. मग लगेच फोन यायचा, “पाटच्या खोलीत किती रं?”

“सहाही जागी पाच, काका.”

“मंग बरा.” फोन बंद.

दिवाळीआधी ते वारले. काल पुन्हा लाईट गेली. सहाही डबे पाच दाखवत होते. मोबाइल हातात धरून बसलो. हे आता कुणाला सांगायचं, कळेना.