थोरलीनं मोडलेला नियम

माझी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची ओळख टोमण्यांतून झाली. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्या घर सोडून गेलेल्या होत्या. घरात त्यांचा उपयोग फक्त धाक घालायला व्हायचा. भाजी खाली लागली की सासूबाई म्हणायच्या, "थोरलीच्या वळणावर जाऊ नकोस." दार जरा जोरात लागलं, तरी थोरली. मी उलट उत्तर दिलं, तर मग विचारायलाच नको. शेवटी माझी अशी खात्री झाली की ही बाई दारात मावत नसणार.

मोठे दीर तिला मारायचे, हे मला घरातल्या कुणी नाही, शेजारणीनं सांगितलं. मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तसा दादा मनानं वाईट नाही." मी म्हटलं, "मनानं कुणी मारतं का? मारायला हात लागतो." त्यावर त्यानं माझ्याशी अबोला धरला. मलाही तेवढीच शांतता मिळाली.

पुढे मी औषधाच्या दुकानात कामाला लागले. एक दिवस एक बुटकी, काटकुळी बाई भाजल्यावर लावायचं मलम मागायला आली. पैसे देताना माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू धाकटीच ना? शेजारीण म्हणाली होती, तू इथं असतेस. मी थोरली. घाबरू नकोस, चावत नाही मी. तसं ऐकलं असशील म्हणून सांगितलं." मी तिथंच तिची झाले.

दुकानासमोरच प्रार्थनाघर आहे. इमारत जुनी, वर सभागृह, मधल्या मजल्यावर घर सोडून आलेल्या बायकांच्या खोल्या आणि तळघरात थोरलीची धुलाई. कपडे धुण्याची मोठी यंत्रं, चादरी दाबून काढणारा वाफेचा रूळ, इस्त्रीची टेबलं, आणि या सगळ्यांपेक्षा गरम थोरलीची जीभ. तिथल्या बायका तिला मावशी म्हणतात आणि तिच्या माघारी वाफ म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि आवडतंही.

हॉटेलांच्या चादरी पैसे घेऊन धुवायच्या आणि त्यावर बाकीचं फुकट चालवायचं, असा तिथला कारभार. बाकीचं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यांच्या चादरी, एकट्या म्हाताऱ्यांची ब्लँकेटं, बाळंतिणींचे कपडे. गल्लीतलं कुणीही गाठोडं घेऊन यावं. ते कोणत्या देवाला मानतं, की मानतच नाही, हे थोरली विचारत नाही. "मळ सगळ्यांचा सारखाच निघतो," असं तिचं म्हणणं.

मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई आली की पाळकसाहेब तिला आधी थोरलीकडे आणतात. पाळकसाहेब म्हणजे प्रार्थनाघराचे प्रमुख. थोरली कुणाला जवळ घेत नाही की डोक्यावरून हात फिरवत नाही. ती रुळातून निघालेल्या गरम चादरीची दोन टोकं त्या बाईच्या हातात देते आणि दोन स्वतः धरते. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागं सरायचं. असं करता करता कधीतरी ती बाई बोलायला लागते. त्या वेळी तिला प्रश्न विचारायचा नाही, हा थोरलीचा नियम. आधी का नाही निघालीस, तू काय बोलली होतीस त्याला, शेजारी कुणी बघितलं का, हे सगळे प्रश्न तिनं स्वतः पोलीस चौकीपासून माहेरच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकलेले होते. "सांगेल तेवढं ऐकायचं, आणि ऐकलेलं इथंच ठेवायचं," एवढंच ती नव्या मदतनिसांना बजावते.

पाळकसाहेबांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो वर सभागृहातही लावला. तिथं रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवानं आपल्याला कुठून कुठं आणलं ते सगळ्यांसमोर सांगतं. साक्षीला प्रश्न विचारायचा नाही, असं ठरलं. नियम चांगलाच होता. पण चांगला नियम गरजवंताच्या आधी लबाडाला कळतो.

शिवणवाली आली ती सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन. उजव्या हाताची दोन बोटं प्लॅस्टरमध्ये. बाई एका कपड्यांच्या दुकानासाठी झगे शिवायची, त्यामुळे तिचं पोट त्या बोटांवर होतं. कुणी विचारलंच नाही, पण ती आपणहून सगळ्यांना सांगायची, "पडले." थोरलीसोबत चादरी धरताना तिनं खरं काय ते सांगितलं. थोरलीनं मला ते सांगितलं नाही. मी औषधाची माणूस, तिच्या औषधाच्या चिठ्ठीसोबतचा एक्स-रे बघून मला कळलं की पडल्यावर बोटं अशी मोडत नाहीत. दोन्ही एकाच रेषेत मोडली होती.

मग तिचा नवरा आला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करणारा, बोलायला गोड, कडक इस्त्रीच्या शर्टातला. बायकोला भेटायचा हट्ट त्यानं धरला नाही. तो पाळकसाहेबांपुढे बसून रडला आणि जाताना म्हणाला, "तुमची लिफ्ट बंद दिसते. बघू का?" प्रार्थनाघराची लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती आणि म्हाताऱ्या बायका कठडा धरून धापा टाकत जिना चढायच्या. त्यानं संध्याकाळी येऊन, एक पैसा न घेता ती सुरू करून दिली. झालं. आज्याबाई लिफ्टमधून सुळकन वर जायला लागल्या आणि त्यांच्या लेखी लिफ्टवाला थेट स्वर्गातून उतरला. "असा नवरा मिळायला नशीब लागतं," असं त्यांच्यातली एक माझ्या दुकानात उभी राहून म्हणाली. मी तिला गोळ्या दिल्या आणि तोंड बंद ठेवलं, ते फक्त मालक शेजारी उभा होता म्हणून.

पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत, हे मी रागातसुद्धा सांगेन. या बायकांबरोबर ते पोलीस चौकीच्या बाकावर तासन्‌तास बसलेले आहेत, धमक्या देणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी दारातून परत पाठवलेलं आहे. पण त्यांचं एक आहे. बाई रडली की ते तिला पाणी देतात, आणि पुरुष रडला की त्याला माइक देतात.

मी एका बाईचं औषध द्यायला तळघरात गेले होते, तेव्हा ते खाली येऊन थोरलीला सांगत होते, "या रविवारी त्याची साक्ष आहे. साक्ष झाली की दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊ. मग ती त्याच्याबरोबर घरी जाईल. ताई, तुटलेलं घर जुळतंय, याहून मोठं काय हवं?"

थोरलीनं इस्त्री उभी केली. "तिला विचारलंत?"

"विचारलं ना. क्षमा केलीस का म्हटलं, तर हो म्हणाली."

"आणि जाणार का, ते?"

"क्षमा केल्यावर ते ओघानंच आलं."

"ओघानं पाणी जातं, पाळकसाहेब. बाईला विचारावं लागतं."

"तुम्हाला माणूस बदलतो यावर विश्वासच नाही, ताई."

"बदलू दे की. त्याच्या घरी बसून बदलू दे. त्यासाठी ही कशाला हवी? पाटा-वरवंटा आहे का ही, ज्यावर त्यानं आपला स्वभाव घासायचा?"

पाळकसाहेब दुखावले. "त्यानं नेमकं असं काय केलंय ते तरी सांगा मला."

थोरलीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती म्हणाली, "ते तिचं आहे. मी नाही सांगणार. ज्यानं केलंय त्याला विचारा."

"साक्षीला आपण प्रश्न विचारत नाही," पाळकसाहेब म्हणाले आणि वर निघून गेले.

शिवणवाली पलीकडच्या टेबलाशी डाव्या हातानं उशांचे अभ्रे लावत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातला अभ्रा खाली ठेवून तिनं विचारलं, "मावशी, मी नाही म्हटलं तर आम्हाला इथून काढतील का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिवणवालीच्या तोंडातला 'हो' कुठून आला होता ते तेव्हा मला कळलं. ज्यांच्या छपराखाली मुलीला घेऊन झोपायचं, ज्यांच्या हातचं खायचं, त्यांनी हसून विचारल्यावर नाही म्हणायला जीभ कशी रेटणार? आणि ज्यांनी विचारलं त्यांना हे सुचलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, देवाचंच काम चाललंय.

"तुला काढायच्या आधी मला काढावं लागेल," थोरली म्हणाली, "आणि मी जड आहे." काटकुळ्या थोरलीच्या तोंडी हे ऐकून शिवणवाली जराशी हसली.

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत आज्याबाई, त्यांच्या सुना, मुलगे. मागच्या बाकांवर धुलाईतल्या बायका आणि मी. लिफ्टवाला माइकपाशी उभा राहिला. म्हणाला, "माझ्या हातून चुका झाल्या. संगत वाईट होती. घरात कटकटी व्हायच्या. रागावर ताबा राहिला नाही. पण देवानं मला वाकवलं." मग रुमाल काढला. त्याच्या साक्षीत सगळं पाऊस पडावा तसं आपोआप घडलं होतं. पण त्याचा आवाज असा भिजलेला की पुढच्या रांगा रडायला लागल्या. साक्ष संपली की सगळ्या मंडळीनं आमेन म्हणायचं असतं, म्हणजे आम्ही ऐकलं, आम्हाला मान्य आहे. सगळे आमेन म्हणाले, असे की खिडक्यांच्या काचा हलल्या. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिवणवालीला म्हणाले, "ये बेटा, पुढं ये."

ती उठली. मुलीनं तिचा पदर धरला होता. ती बाकांमधल्या वाटेनं निघाली आणि थोरली उभी राहिली.

"मला याला एक विचारायचंय."

"ताई, साक्षीला प्रश्न नसतो. नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे, म्हणून मीच मोडते." ती लिफ्टवाल्याकडे वळली. "चुका म्हणालास. कोणत्या?"

लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. "मावशी, मी तिच्यावर हात उगारला. कबूल करतो."

"उगारलास. मग? हात वरच राहिला?"

मागं कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतून आवाज आले, "शोभतं का हे देवाच्या दारात?" "बसवा तिला कुणीतरी." माणूस बायकोला मारतो हे देवाच्या दारात चालतं, त्याला विचारलेलं चालत नाही. मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं.

"रागाच्या भरात माणूस काय करतो ते..." लिफ्टवाला म्हणाला.

"राग राहू दे तुझा. बोटांचं सांग."

त्यानं रुमाल पुन्हा काढला. शिवणवाली वाटेत मधोमध उभी होती. तिच्यासमोर माइक नव्हता, पण सभागृहात चिडीचूप झालं होतं. ती म्हणाली, "शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये. माझी बोटं आत धरली आणि ड्रॉवर लावला. मग उघडला. मी हात काढायच्या आत परत लावला."

आणि लिफ्टवाला माइकमध्ये म्हणाला, "परत नाही. एकदाच."

बिलातली चूक दाखवावी तसा, अगदी शांत आवाजात. माइक चांगला होता. शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू आलं. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला.

तरीसुद्धा पुढच्या रांगेतली एक आजी शेजारणीला म्हणाली, "एकदाच ना. मग एवढं काय." त्या आजीला मीच रक्तदाबाच्या गोळ्या देते. त्या दिवशी माझाच रक्तदाब कुणीतरी मोजायला हवा होता.

पाळकसाहेबांचा चेहरा पडला होता. पण मनात ठरलेला कार्यक्रम त्यांना अजून सोडवेना. ते हळूच म्हणाले, "पण बेटा, तू तर क्षमा केली म्हणालीस."

"केलीय की," शिवणवाली म्हणाली. "अजूनही केलेलीच आहे. पण मी याच्याबरोबर जाणार नाही. आज नाही आणि पुन्हा कधीच नाही. तुम्ही इथून काढलंत तरी नाही."

ती कुणाच्या उत्तरासाठी थांबली नाही. मुलीचा हात धरून मागं आली आणि थोरलीच्या शेजारी बसली. मग थोरली म्हणाली, "आमेन."

धुलाईतल्या बायका म्हणाल्या, एकीमागून एक. मीही म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं. पुढच्या रांगांतून एकही आवाज आला नाही. थोड्याच वेळापूर्वी काचा हलवणारी तीच माणसं आता आपापल्या चपलांकडे बघत बसली होती.