पायल आणि शंभूला आणायला

दरवर्षी दिवाळी सरली की माण तालुक्यातल्या धुळाआबांची मेंढरं माझ्या वाईजवळच्या रानात बसायला येतात. रात्री मोकळ्या शेतात कळप बसवला की लेंड्यांचं खत होतं. मला खत, त्यांना धान्य. तिथून ते कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत गावी. यंदा मेंढरं आली नाहीत, आबांचा फोन आला. नातवंडांचा ताबा मागायला सांगलीच्या कोर्टात अर्ज करायचा आहे, वकिलापुढं बोलायला बरोबर या, म्हणाले. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, कोर्टातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जिला लिहिता येतं तिला सगळंच येतं, असा आबांचा पक्का समज. निघाले.

साताऱ्याला गाडी बदलली. पुसेगावच्या पुढं एस.टी.चं चाक बसलं आणि आम्ही सगळे रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. सावली कसली, काट्यांची जाळीच ती. डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, खाली रानात हिरवं म्हणावं असं काही नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने कुठं निघालात विचारलं. मी सांगितलं तसा तो म्हणाला, "पोरांचा ताबा? पोरं काय जमीन हायत व्हय?" मला राग आला, मी तोंड फिरवलं.

दहिवडीहून वडापच्या जीपने आबांच्या वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अर्धी वस्ती कळपांमागं गेलेली, दारांना कुलपं. आबांच्या दारापुढची वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मेंढरं त्यांच्या पुतण्याबरोबर पुढं गेली असतील, असं मला वाटलं.

"इकली," ठकूमावशी म्हणाल्या. या आबांच्या बायको. "सगळी इकली. एक कोकरू ठिवलं न्हाई."

गोष्ट अशी. त्यांची लेक आणि जावई, दोघं दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून जाताना अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेली. मागं पायल आणि शंभू राहिली. तेव्हापासून ती कडेगावजवळ चुलत्याच्या मळ्यात आहेत. या उन्हाळ्यानंतर पायलची शाळा बंद झाली. चुलतीचं तान्हं मूल ती सांभाळते. आबांनी मुलं मागितली, तर चुलता म्हणाला, वर्षातले सात-आठ महिने रानोमाळ हिंडणाऱ्यांच्या हाती पोरं देऊ का? हे आबांच्या मनाला इतकं लागलं, की कोर्टानेही तेच म्हणू नये म्हणून त्यांनी कळपच विकून टाकला. आता आम्ही जागेवर आहोत, कुणी बोट दाखवायचं काम नाही, असं ते मला मोठ्या समाधानाने सांगत होते.

"आधी मला विचारायचं तरी, आबा."

"इचारलं आसतं तर तुमी नगं म्हणाला आसता," आबा म्हणाले.

जेवायला बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) होतं. मावशींनी दोन्ही मुलांसाठी भिंतीला नवा पत्र्याचा आडोसा करून घेतला होता, तोही दाखवला. मी छान आहे म्हटलं.

सकाळी मायणीमार्गे कडेगाव. आधी मुलांना बघायचं, मग सांगली, असं ठरलं होतं. मायणी मागं पडल्यावर जरा वेळाने रान एकदम बदलतं. कालव्याचं पाणी, दोन्ही अंगांना ऊस, रस्त्यावर चिखलाने माखलेले ट्रॅक्टर. आबा खिडकीतून बघत होते. प्रत्येक ट्रॉली जवळून गेली की मावशी पदर तोंडावर घेत होत्या. मी त्यांचा हात धरून बसले.

मळ्यात चुलती भांडी घासत होती. चहा केला, नाही असं नाही. आम्ही काय पोरं उपाशी ठेवलीत का, एवढंच म्हणाली आणि पुन्हा राखेत हात घातला. बाई वाईट नव्हती, पिचलेली होती. शंभू पाच वर्षांचा. त्याने आजीआजोबांना ओळखलं नाही. कसा ओळखणार? ही दोघं पावसाळ्याचे चार महिने गावी, तेवढ्यातच लेकीकडं एखादी फेरी. तो दाराआडून बघत राहिला. मावशी त्याला बोलवून बोलवून थकल्या.

दहा वर्षांची पायल मात्र कडेवरच्या मुलासकट धावत आली, थेट आबांकडं. आई असताना एका पावसाळ्यात ती त्यांच्या मागं माळावर हिंडली होती, ते सारं तिला आठवत होतं.

"आबा, माझी चांदी कुटं हाय?" चांदी म्हणजे तिची मेंढी.

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "चराया गेलीया," म्हणाले.

सांगलीला पोचलो. स्टँडवर मी भडंग घेतलं, ते तसंच पिशवीत राहिलं.

वकीलबाई तरुण होत्या, नीट ऐकून घेणाऱ्या. मुलं राहतात त्याच जिल्ह्यात अर्ज करावा लागतो, सख्ख्या आजीआजोबांची बाजू हलकी नाही, शाळा बंद केली हे आपल्या बाजूचं आहे, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, उत्पन्नाचं साधन काय? आबांनी सांगितलं, मेंढरं होती, तुमच्या कोर्टासाठीच विकली. आलेले पैसे लेकीच्या अपघातापूर्वीच्या आजारपणातलं जुनं देणं आणि पत्रा, यातच संपलेले. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मेंढरं असती तर कळप हेच उत्पन्न दाखवलं असतं, आजी मुलांपाशी आणि आजोबा कळपामागं असं चाललं असतं, त्या म्हणाल्या. हिंडतं बिऱ्हाड म्हणजे काही गुन्हा नव्हे.

आबांचा चेहरा मला बघवला नाही. त्या जगण्याची त्यांना कुणीतरी लाज वाटायला लावली होती, आणि ती त्यांनी खरी मानली होती.

मार्ग एकच निघाला. पुतण्याचा स्वतःचा कळप अजून निघायचा होता. त्याच्याकडं आबांनी पगारी गडी म्हणून जायचं, तसं त्याने लिहून द्यायचं. म्हणजे ज्यासाठी मेंढरं विकली, तेच हिंडणं आता दुसऱ्याच्या मेंढरांमागं. आबा हो म्हणाले. वकीलबाईंनी शेवटी सांगितलं, मुलगी कळती आहे, न्यायाधीश तिला विचारतील आणि तिच्या बोलण्याला वजन राहील.

परतीच्या वाटेवर कडेगाव आलं तसे आबा उठले. "पोरगी कोर्टात मेंढरांच्या आशेनं व्हय म्हणंल," ते म्हणाले. "तिला खोटं सांगून न्हेयाची न्हाई मला." आम्ही तिघं पुन्हा मळ्यात गेलो.

पायल गोठ्यापाशी उभी होती, कडेवर मूल. आबांनी सरळ सांगितलं, चांदी विकली, सगळीच विकली. तिचे डोळे भरले. मग तिने मनाशी हिशेब केला असावा. "म्हंजी आता तुमी घरीच? कुटंच जाणार न्हाई?"

"जावं लागंल, बाळा. दुसऱ्याच्या मेंढरांमागं. आजी हाय की घरी."

तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मंग मला आता न्हेऊ नगा," ती म्हणाली. "तुमी घरी ऱ्हायाला आल्याव न्ह्या."

मावशींनी तिला जवळ घेतलं, खूप समजावलं. ती ऐकत होती, पण नजर आबांवर होती. चुलतीने आतून हाक मारली तशी ती गेली.

मी दुसऱ्या दिवशी वाईला परतले. माझं रान मोकळंच पडलं आहे, यंदा तिथं कुणी बसणार नाही. अर्ज येत्या आठवड्यात दाखल होईल. आबांनी त्यावर अंगठा उठवला आहे, पुतण्याचा कळपही निघाला असेल आणि त्यामागं आबाही. पायल काय म्हणाली हे वकीलबाईंना सांगायचं की नाही, यावर आमच्या तिघांपैकी कुणीच अजून तोंड उघडलेलं नाही.