एका डोळ्याची प्रार्थना

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे असतात. मी मात्र लहानपणापासून एक डोळा किलकिला ठेवत आले. कोण डुलकी घेतंय, कोण हळूच बाहेर सटकतंय, सगळं मला दिसायचं. आई म्हणायची, "अगं, देवावर तरी विश्वास ठेव." ठेवायचे, पण पारखून.

आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि दवाखान्यातून पलूसला घरी आणल्यावर एका संध्याकाळी प्रार्थनेत ह्यांनी अख्खं गीत म्हटलं, तेव्हाही मला आधी आनंद झाला नाही. संशय आला. 'पाणी' एवढा शब्द फुटत नाही आणि चारही कडवी बिनचूक? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहा दिलाच नाही. हे कपाकडे बोट दाखवत राहिले, ओठ नुसते थरथरत होते, आणि शेवटी डोळे भरून आले. मिरजेच्या डॉक्टरांनी मग समजावलं की असं होतं, बोलणं जातं पण तोंडपाठ गाणं राहू शकतं. मी आणखी एका डॉक्टरांना विचारलं आणि मगच मानलं.

एसटी चालवायचे तेव्हा पाटणकडच्या वळणांवर इंजिनच्या वर आवाज चढवून हे गात. तीच सगळी गीतं आत कुठेतरी शाबूत होती. दिवसभर मी एकटी बोलायची आणि घर ऐकायचं. संध्याकाळी दिवा लावून बायबल उघडलं, पहिली ओळ मी धरली की दुसरीला हे यायचे. तेवढा वेळ मला माझा नवरा परत मिळायचा. बाकी देवाशी माझं तेव्हा फारसं बरं चाललं नव्हतं.

पण त्या वेळेला शेजारीण आमच्या पायरीवर येऊन बसू लागली. तिचा नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, घरचा भरपूर ऊस. बाई कधी लसूण सोलत बसायची, कधी तांदळातले खडे वेचत. स्वतःची एवढी लांबरुंद ओसरी सोडून माझ्या वीतभर पायरीवर का? त्या दिवसांत कुणाच्या घरी प्रार्थना भरतात, तिथे कोण कोण जातं, याची चौकशी धर्मांतराच्या संशयावरून गावातली काही पोरं करत होती. तिचा पुतण्या त्या चौकशी करणाऱ्या पोरांत उठबस करायचा. आधीच्या भाड्याच्या घरी प्रार्थनेवरूनच मालकाने आम्हाला जागा सोडायला लावली होती. दुधानं तोंड पोळलेली मी, ताक फुंकून पिणारच.

मी खिडकी लावून घेतली, दार ओढलं आणि पहिली ओळ कुजबुजत म्हटली. दुसरी ओळ आलीच नाही. पुन्हा म्हटली. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कुजबुजीला ह्यांचं गाणं धरेना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ह्यांनी भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले होते, जे आहे ते वापरात ठेवा. ते माझ्याच हाताने बंद पडत होतं, कळत होतं, आणि तरी खिडकी उघडायला माझा हात होत नव्हता. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाच मला संताप येत होता.

अशात हंगामाचा सण आला. आमच्यात त्या रविवारी ज्याच्या घरी जे पिकतं ते देवळात आणतात; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. कुणी ज्वारी आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. आणलेलं वेदीपुढे ठेवताना प्रत्येकाने देवाचे उपकार कशासाठी मानतो ते मोठ्याने सांगायचं असतं. माझ्याकडे ना शेत, ना परडं. आणि उपकार कसले मानू? अर्धा नवरा शिल्लक ठेवला म्हणून? मी जायचंच नाही असं ठरवलं.

सकाळीच दार वाजलं. शेजारीण, आणि तिच्या डोक्यावर उसाची मोळी.

"ताई, आज तुमचा सण हाय न्हवं? ह्यो न्या तुमच्या देवाला."

मी दार अर्धंच उघडं ठेवलं. उद्या कुणी म्हणालं, या प्रार्थनावाल्यांनी गावाकडून देवाच्या नावाने ऊस उकळला, तर? "कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? माझ्या रानातला हाय."

"तुम्ही रोज पायरीवर का बसत होता, ते सांगा आधी."

ती गडबडली. मोळी खाली ठेवून पदराने तोंड पुसलं. "आवं, आमच्यास्नी वाचा हाय, पर फौजेतनं आल्यापास्नं दिसाकाठी चार शब्द बोलत न्हाईत. तुमच्यास्नी वाचा न्हाई, तर कसं गात्यात! ते ऐकाया मी बसत हुते. तुमचं गाणं लागलं की आमचं बी ओसरीवर येऊन बसायचं. तुमी खिडकी लावली, तवापास्नं ते बी आत." मग एकदम म्हणाली, "काय चुकलं व्हय ताई आमचं?"

मी दार पूर्ण उघडून मोळी आत घेतली. ती गेल्यावर मी ऊस उलटासुलटा करून पाहिला. चांगला रसदार होता. मग मात्र माझीच मला लाज वाटली.

देवळात ती मोळी घेऊन उभी राहिले. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "सांगा ताई." म्हटलं, "हा ऊस माझा नाही. माझ्या घरात एक गाणं पिकतं, ते मी कोंडून ठेवलंय. ते अजून मेलं नाही, म्हणून उपकार." आणि खाली बसून ढसाढसा रडले.

संध्याकाळी खिडकीची कडी काढली. समोरच्या ओसरीवर हवालदार बसलेले. हातात मोबाईल. चित्रण करतात की काय, म्हणून माझा हात पुन्हा कडीकडे गेला. त्यांनी मान वर केली, मोबाईल बंद करून खिशात घातला आणि म्हणाले, "लय दिस लावलंसा."

मी पहिली ओळ पूर्ण आवाजात धरली. खाटेवर ह्यांचं तोंड अजून भिंतीकडेच. मी पुन्हा पहिलीच ओळ धरली. पाठीमागून आधी घोगरा, गंजलेला सूर आला, मग शब्द, मग पाटणच्या वळणांवरचा तो आवाज. शेजारीण लसूण घेऊन पायरीवर टेकली.

गीत संपलं तशी मी प्रार्थना करायला लागले. काय काय बोलले ते आठवत नाही. शेवटी ह्यांच्या तोंडून 'आमेन' आला, गाण्याशिवायचा पहिलाच शब्द. तो म्हणताना ह्यांचा चेहरा कसा दिसत होता, हे मला सांगता येणार नाही. माझे दोन्ही डोळे मिटलेले होते.