लाखोळीवाले सर, रायपूर (म.प्र.)

"काहून वो बाई, आज कुठी उचकी लागली का?"

ग्रंथालयाच्या दारात उभं राहून, उजवा हात छातीवर ठेवून सर हा प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला होता. ते पाणी त्यांनी शांतपणे पिऊन टाकलं आणि मग मला समजावलं. आपली कोणी आठवण काढली की आपल्याला उचकी लागते ना? तसंच आपला शोधनिबंध कोणीतरी दूर बसून वाचला, स्वतःच्या लेखात त्याचा आधार घेतला, की ती झाली संशोधकाची उचकी. "फक्त ते आपल्याले समजत नाही बापा. तुह्या कॉम्प्युटरले समजते. म्हणून विचारून राहिलो."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नियतकालिकांच्या विभागात होते. कॉम्प्युटर आला तेव्हा तो कोणीच घेईना, म्हणून माझ्या टेबलावर बसवला. मी शोधायचे. कधी कुठे इथिओपियात, कधी बांगलादेशात कोणीतरी सरांचं नाव घेतलेलं सापडायचं. मी मान हलवली की सर एवढे खूश व्हायचे, की चहा सांगायचे आणि साखर जास्त टाकायला लावायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल बघा, ज्याला सगळे मान देतात आणि ज्याचं काम कोणालाच माहीत नसतं. सर वनस्पतिशास्त्राचे रीडर होते, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खाली, आणि रीडरच राहिले. "मी रीडर, पण मले रीड करते कोण?" हा त्यांचा जुना विनोद. हसायचे ते स्वतःच.

त्यांचा विषय म्हणजे लाखोळी. छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात. पाणी नसलं तरी उगवते, म्हणून गरिबाची डाळ. पण महिनोन्‌महिने तीच एक खाल्ली तर पाय लुळे पडतात. सरांनी तरुणपणापासून गावोगाव फिरून तिचं बी गोळा केलं होतं. कुठल्या गावच्या बियात विष कमी, कुठल्यात जास्त, हे तपासायचं आणि कमी विषाचं वाण जपायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. बी ठेवायला गोल बाजारातून स्टीलचे झाकणाचे डबे आणायचे. इतके डबे न्यायचे, की दुकानदारानं एकदा विचारलं होतं, "भैया, बिटिया की शादी है क्या?"

"हव," सर म्हणाले होते, "बहुत सारी हैं."

प्रत्येक डब्यावर गावाचं नाव. एकदा मला भनपुरीकडचा एक डबा दाखवला. म्हणाले, "या शेतावर आता ट्रकवाल्यांचं गोदाम झालं. हे वाण दुसरीकडं कुठीच नाही. या डब्यात जित्तं आहे, बस." त्यांच्या विभागाच्या मागे त्यांचे वाफे होते. दर दोन-चार हिवाळ्यांत प्रत्येक डब्यातलं बी पेरायचं, नवं काढायचं, परत डब्यात भरायचं. नाही पेरलं तर बी आतल्या आत मरतं. हे मला त्यांनीच शिकवलं. डब्यांची ती विभागातली खोली आणि ते वाफे, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. प्रोफेसरकी गेली खड्ड्यात.

मग राज्य नवं झालं. आमचं रायपूर राजधानी झालं. रातोरात पाट्यांवरचं म.प्र. पुसून छ.ग. लिहिलं गेलं. पाट्या बदलल्या, पण स्टोअरमध्ये विद्यापीठाचे जुने लेटरपॅड गठ्ठ्यांनी पडले होते. स्टोअरकीपर म्हणाला, पहिले हे संपवा, मग नवे मिळतील. सगळ्यांनी पेनानं म.प्र. खोडलं, वर छ.ग. लिहिलं आणि काम भागवलं. सर सोडून सगळ्यांनी.

"मी खाडाखोड करत नाही," ते म्हणाले. "प्रयोगाच्या वहीत एक आकडा खोडला तर मी पोट्ट्यांले वही पुन्हा लिहायले लावतो. अन् आता मीच खोडू?"

"अहो सर, पत्ताच तर आहे."

"पत्ता आहे म्हणूनच तं."

झालं. नवे पॅड यायला वर्षं गेली, आणि तोवर सरांचे होते-नव्हते ते सगळे निबंध पॅडवरच्या 'रायपूर (म.प्र.)' याच पत्त्यानं छापले गेले. आधीचे तर तसे होतेच. आम्ही हसलो त्यांच्यावर. मीसुद्धा हसले. हसण्यासारखंच होतं ते.

काही वर्षांनी वरून हुकूम आला, की विद्यापीठाचं संशोधन किती आणि त्याचा जगात प्रभाव किती, ते मोजा. ज्याचा प्रभाव नाही, त्याची खोली काढून घ्या. मोजायला बाहेरची एजन्सी लावली. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली दोन मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याच टेबलाशी बसली. मी मनात म्हटलं, बसा बाबांनो, आता कळेल सगळ्यांना आमच्या सरांच्या उचक्या किती ते!

सरांच्या नावापुढे शून्य आलं.

मी त्या मुलाला म्हटलं, अरे, मी स्वतः पाहिलंय, नीट बघ. तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, "मैडम, काम तो दिख रहा है. मगर स्टेट मैच नहीं हो रहा. सिस्टम में यूनिवर्सिटी और स्टेट दोनों मिलना चाहिए."

"अरे पण रायपूर तर हेच ना!"

"रायपुर तो देश में बहुत हैं, मैडम."

काय बोलणार, सांगा! मी त्या एजन्सीला मेल लिहिला. उत्तर आलं, की छापलेला पत्ता बदलता येत नाही. कुलसचिवांकडे गेले. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. म्हणाले, सर्व्हेचा अहवाल तर वर गेला. वर कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. असा संताप आला होता म्हणून सांगू! पण संताप काढायचा कोणावर? ओरडावं असा माणूसच सापडेना. जो भेटायचा तो मान डोलवून "बहुत गलत हुआ" म्हणायचा.

सरांना जाऊन सांगितलं.

"खोटं तं नाही ना लिहिलं मी?" त्यांनी विचारलं. "रायपूर तवा म.प्र.तच होतं."

"हो सर. पण नंतरचे?"

"नंतर पॅड होता ना बापा."

असं म्हणाले आणि माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं काही मीच यातून वाट काढणार होते. मी कपाटाची धूळ पुसायला उठले.

खोली गेली. तिथे गुणवत्ता कक्ष बसला, एसी लागला. वाफ्यांवर फरशी घालून गाड्या उभ्या करायची सोय झाली. डब्यांची कपाटं 'दोन दिवसांसाठी' मागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवली. शेडला कुलूप घातलं आणि चावी ज्याच्याकडे होती तो बदलून गेला. सर रोज अर्ज द्यायचे. मी रोज विचारायला जायचे. तेवढ्यात आमचा उन्हाळा आला. रायपूरचा मे महिना आणि टिनाचं छप्पर, आणखी काय सांगू. कुलूप उघडलं तोवर सर रिटायर झाले होते. डबे ऑटोत घालून घरी घेऊन गेले.

आज सर नाहीत. पण डबे घरी नेल्यानंतर एका दुपारी मी त्यांच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर गेले होते, ते डोळ्यांपुढून जात नाही. आमचे बाबा आणि ते एकाच गावचे, भंडाऱ्याकडचे. त्यामुळे विद्यापीठात मी 'बाई' असले तरी घरी 'पोट्टी'च.

बाल्कनीत दोरीवर ओल्या फडक्यांच्या पुरचुंड्या लटकत होत्या. प्रत्येकीला गावाच्या नावाची चिठ्ठी. मोड येतो का, हे सर पाहत होते. मी एकेक पुरचुंडी बोटांनी चाचपून पाहिली. दाणे फुगले होते, बुळबुळीत झाले होते. मोड एकालाही नव्हता.

"उरलेलं बी पेरून पाहू ना सर," मी म्हटलं. "माझ्या दिराचं शेत आहे."

"पेरलं वो. तीन कुंड्यांत, एका वावरात, सगळं करून झालं." ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "ऐकलं का, पोट्टी आली. गरम दे तिले."

काकूंनी ताटलीत वडे आणले. खरपूस, कांदा घातलेले. मी एक उचलला. तोंडात घालणार, एवढ्यात ओट्यावरचे डबे दिसले. झाकणं काढलेले, रिकामे. गावांची नावं तशीच होती. भनपुरीकडचाही होता.

माझा हात तोंडाशीच थांबला. "सर, हे... बी आहे?"

"उगवत होतं तोवर बी होतं," सर म्हणाले. "आता डाळ आहे. खाय. फेकवत नाही ना माह्याच्यानं."

काकू पदरानं हात पुसत माझ्याकडे पाहत होत्या. सरही पाहत होते. मी खाल्ला. चव चांगली होती. सरांनी ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "आणखी एक घे."