आक्काचा गुलाबी डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली तेव्हासुद्धा हे माझ्या पोटातच होतं. तुम्हाला सांगतो, कारण आता सांगायचं ठरवलं आहे.

मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत मायक्रोवेव्हचा जाणकार मीच. लोक भांडी घेऊन दारात यायचे — काका, हे चालेल का? जाड काच चालेल, पण सोनेरी काठ नको. हॉटेलच्या पार्सलचा पातळ डबा नको. स्टील तर नाहीच. हे मी झोपेतही सांगितलं असतं.

मग त्या दुपारी काय झालं?

साताऱ्याहून माझी थोरली बहीण, आक्का, राहायला आली होती. येताना घेवड्याची आमटी आणली होती, गुलाबी प्लास्टिकच्या डब्यात. आक्का आतल्या खोलीत आडवी झाली होती आणि मला भूक लागली. डबा उचलला, झाकणासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, बटण दाबलं. बाहेरून प्लास्टिक, आतून स्टील — असे डबे असतात हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. उघडून पाहिलं नाही.

ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला, मशीन बंद पडलं. मुलगा आणि सून धावत आले. मी म्हणालो, "आक्कानं ठेवला."

आक्का आवाजानं उठून दारात आली होती. "म्या न्हाय ठिवला, बाळू."

"ठेवलास. मी पाहिलं."

अगदी शांतपणे म्हणालो. मी खोटं बोलेन हे तिच्या मनात आलंच नसावं — मग चूक कुणाची उरली?

"आसंल बाबा. इसरले आसंन."

"आत्या, आता मोबाईल नका ठेवू हां आत," सून म्हणाली. सगळे हसले. मीही.

पुढच्या वर्षी गावी आक्काच्या हातून दूध उतू गेलं. कुणाच्या हातून जात नाही? तिच्या मुलाचा, विलासचा, फोन आला. "मामा, आईचं इसरणं तुमच्याकडंच सुरू झालं न्हवं?"

मी "हो" म्हणालो.

तेव्हापासून तिला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. भावकीतल्या लग्नात आमटीचं मीठ जिला विचारून पडायचं, ती आता चहासाठी सुनेला हाक मारते. कुणी काही विचारलं की आधीच सांगते — माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय, दुसऱ्या कुणाला इचारा.

हे वाचणारा पहिला माणूस विलास असेल. त्याला आजच पाठवतो आहे. मी घाबरलो होतो असं लिहिणार नाही, कारण घाबरलो नव्हतो. माझ्यासारख्या जाणकाराची चूक झाली हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, आणि बहीण जवळच उभी होती. तिचं डोकं शाबूत आहे. त्या दुपारी दारातून ती पहिल्यांदा जे बोलली, ते खरं होतं.