श्रीदेवी आणि लवंगी

मुरुमहून आलूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून महांतप्पांचं रान आहे. त्यांची नात श्रीदेवी दुसरीत असताना परांड्याकडचे मेंढके त्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आले होते. मुक्काम हलवायच्या सुमारास त्यांची एक घोडी व्याली आणि मेली. मागं राहिलेलं शिंगरू कळपाबरोबर चालण्यासारखं नव्हतं. मेंढक्यांमधल्या एका म्हातारीनं ते उचलून श्रीदेवीपुढं ठेवलं.

"बाटलीनं दूध पाज. जगलं तर तुझं," ती म्हणाली.

श्रीदेवीनं ते जगवलं. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी गोठ्यात. थंडीत आपली शाल शिंगराच्या अंगावर टाकायची आणि आईच्या शिव्या खायची. शिंगरू मोठं झालं, पण फार उंच झालं नाही. मेंढक्यांची तट्टं असतात तशीच बुटकी, काटक, तांबूस घोडी. महांतप्पा म्हणाले, "दिसाया एवढीशी, पर ठसका बघा! लवंगी हाय ही." तेच नाव पडलं.

चौथी-पाचवीपासून श्रीदेवी तिच्यावर बसायला लागली. खोगीर नव्हतंच, पाठीवर घोंगडीची घडी टाकायची की झालं. श्रीदेवीचे वडील ईरण्णा ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असायचे, हंगामात महिना महिना घरी नसत. सकाळी गावातल्या डेअरीला दूध पोचवायचं काम त्यामुळं या दोघींकडं आलं. दोन्ही बाजूंना किटल्या आणि मध्ये परकर खोचून बसलेली पोरगी. मुरुमच्या चहावाल्यांना ती आली की वेळ कळायची. लवंगीला लगाम ओढावा लागत नसे. श्रीदेवीनं नुसता गुडघा दाबला की ती वळायची.

गावच्या जत्रेत तट्टांची शर्यत होते. त्यात श्रीदेवी सलग तीन वर्षं पहिली आली. पोरीनं शर्यतीत उतरायचं म्हणून पहिल्या वर्षी काही लोक कुरकुरले होते. पुढं तेच लोक तिची वाट बघत उभे राहायला लागले.

मग आठवीच्या सुट्टीत श्रीदेवी वाढायला लागली. ईरण्णा उंच, त्यांची बहीण दैवशाला उंच. पोरगी त्या अंगावर गेली. दिवाळीचा ड्रेस संक्रांतीला आखूड झाला. आधी तिचे पाय लवंगीच्या पोटाशी असत, आता ते खाली लोंबायला लागले. डेअरीवर कुणीतरी हसून म्हणालं, "श्रीदेवी, आता तू तिला उचलून घेत जा." तीही हसली. पण त्या दिवशी परतताना ती घरापर्यंत चालत आली, लवंगीच्या बाजूनं.

घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं बोलावं.

त्या वर्षीच्या जत्रेत ती पुन्हा शर्यतीला उभी राहिली. सुरुवातीला लवंगी नेहमीसारखीच सुटली. ओढ्याजवळच्या वळणापर्यंत ती पुढंच होती. तिथं श्रीदेवीला आपल्याखाली काहीतरी निराळं जाणवलं. लवंगीचे मागचे पाय लटपटत होते. दर झेपेला तिच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज येत होता, आणि तरी ती थांबत नव्हती. श्रीदेवी वर आहे तोवर ती थांबणारच नव्हती. मागून दुसरी तट्टं आली तशी ती आणखी ताणून पळायला लागली.

श्रीदेवीनं लगाम खेचला आणि खाली उडी टाकली.

लोक ओरडले. पडली म्हणून कुणी धावलं, तर कुणी "घाबरली, घाबरली" म्हणून शिट्ट्या मारल्या. बाकीची तट्टं धुरळा उडवत निघून गेली. श्रीदेवी लवंगीच्या मानेला हात टाकून तशीच सगळ्या गर्दीतून चालत आली. तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी लवंगीच्या पाठीवरून कमरेपर्यंत हात दाबत नेला. एका जागी कातडं थरथरलं आणि तिनं मान फिरवून डॉक्टरांचा हात चावायला बघितलं. ती आजवर कुणाला चावली नव्हती.

"आजार काही नाही. वयही नाही झालेलं," डॉक्टर म्हणाले. "वजन पेलत नाही तिला. एखादं लहान पोर बसू दे खुशाल. ही नको."

"किती कमी झालं तर पेलंल?" श्रीदेवीनं विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, ती किटल्यांचं विचारते आहे. "जेवढं कमी तेवढं बरं," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर श्रीदेवी जेवायला बसे, पण लवकर उठे. भाकरी हातात घेऊन "गोठ्यात बसून खाते" म्हणे. घरच्यांना त्यात नवल वाटलं नाही, लहानपणापासून ती गोठ्यातच खात आली होती. डबा ती शाळेत मैत्रिणींना वाटून टाकायची. लवंगीवर ती बसत नव्हती. पाठ बरी व्हायची वाट बघत होती, आणि तोवर हलकं व्हायचं तिनं ठरवलं होतं. हे ठरवलेलं तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुढं एका सोमवारी ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. बाईंनी तिला रिक्षानं घरी आणून सोडलं. तिची आई रुद्रम्मा तिचे कपडे बदलायला बसली, तर पोरीच्या पाठीचे मणके हाताला लागले. तिला रडूच फुटलं.

"काय लपवतीस गं? कुणी काय बोललं का तुला?"

"कुणी न्हाय, अव्वा."

"मग भाकरी कुठं जाती तुझी?"

श्रीदेवीनं तोंड गोठ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "लवंगीला घालती."

रुद्रम्मा तशीच उठून बाहेर गेली आणि तिनं सासऱ्यांना बोलावलं. महांतप्पा आले, नातीच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं.

"अज्जा, म्या अजून थोडी बारीक झाले तर जमंल," श्रीदेवीच म्हणाली. "तिची पाठ आता दुखत न्हाय. म्या दाबून बघितलंय."

"बाळा, तुझी हाडं काय एवढीच ऱ्हाणार हायीत व्हय? उद्या आणखी वाढशील. वाढायचंच वय हाय तुझं."

"मला न्हाय वाढायचं."

"ते तुझ्या हातात न्हाय. माझ्याबी न्हाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तिला तू नको झाली न्हायीस. तिच्या पाठीला झालीस. तिला काय कळतंय त्यातलं? तू बसलीस तर मरंस्तोवर पळंल. म्हणून तूच समजून घ्यायचं."

श्रीदेवी भिंतीकडं तोंड करून झोपली. संध्याकाळी तिनं आईच्या हातानं थोडा भात खाल्ला.

ती पुन्हा लवंगीवर बसली नाही. पण लवंगीला हे सांगणार कोण? सकाळी दुधाची वेळ झाली की ती दावणीला पाय आपटायची. सोडलं की थेट बांधापाशी जाऊन आडवी उभी राहायची. त्या बांधावरूनच श्रीदेवी लहानपणी तिच्यावर चढायची. हंगाम संपवून घरी आलेले ईरण्णा दूध मोटारसायकलवरून घेऊन जायचे आणि घोडी ऊन वर येईस्तोवर तिथंच उभी. हळूहळू तिनं कडब्याकडंही बघणं सोडलं. रुद्रम्मा म्हणायची, "दोघींचं सारखंच झालंय."

शेवटी श्रीदेवीच आजोबांना म्हणाली, "आत्याच्या राजनंदिनीला देऊ."

राजनंदिनी म्हणजे आलूरच्या दैवशाला आत्याची सहा वर्षांची पोर. श्रीदेवीनं लवंगीला चालवत आलूरला नेलं. वाटेत दोघी ओढ्यावर थांबल्या, पाणी प्याल्या. आत्याच्या अंगणात तिनं राजनंदिनीला उचलून घोंगडीवर ठेवलं, गुडघा कसा दाबायचा ते दाखवलं आणि हात काढून घेतला.

लवंगी क्षणभर थांबली, मग चालली. अंगणातून बाहेर, रस्त्याच्या कडेनं, आणि पुढं दुडक्या चालीनं. कान टवकारलेले, मान वर, पाय हलके. इतकी हलकी चाल श्रीदेवीनं कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. आपण तिला एवढं दाबत होतो, हे तिला तेव्हा कळलं. ती आत जाऊन चुलीपुढं बसली. आत्यानं विचारलं तर "धूर गेला डोळ्यात" म्हणाली.

सुरुवातीला ती दर रविवारी आलूरला जायची. लांबून तिचा आवाज आला की लवंगी खिंकाळायची आणि दावं तोडायला बघायची. ती परत निघाली की दोन-दोन दिवस राजनंदिनीला जवळ येऊ द्यायची नाही. एकदा तिनं पोरीला खाली पाडलं. हात मोडायचा वाचला.

पुढच्या रविवारी दैवशाला तिला वाटेवरच भेटली. तिनं पोरीचा हात धरला.

"श्रीदेवी, राग मानू नकोस गं. थोडे दिवस तू येऊ नको. घोडी इथली व्हईना बघ."

"व्हय आत्या," श्रीदेवी म्हणाली. आत्यानं तिला घरी चहाला बोलावलं, पण ती वाटेवरूनच माघारी फिरली. चाहूल लागून लवंगी गोठ्यातून खिंकाळू नये म्हणून तिनं चपला हातात घेतल्या होत्या.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. श्रीदेवी उमरग्याला कॉलेजात जाते. वडिलांच्या खांद्याच्या वर गेली आहे. लग्नाच्या वरातीला घोडे देणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं तिला मोठ्या घोडीवर बसून बघ म्हटलं होतं. तिनं घोडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि नको म्हणाली.

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या गावी जाताना तिची एसटी आलूरवरून गेली. फाट्यावर राजनंदिनी लवंगीवर बसून गाडी पुढं जायची वाट बघत थांबली होती. श्रीदेवीनं खिडकीतून हाक मारली नाही. ओढणी तोंडावर घेऊन ती मागच्या काचेतून दिसेल तोवर बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं फक्त आईला सांगितलं.

"कशी हाय गं?" रुद्रम्मानं विचारलं.

"अंग भरलंय. आयाळ विंचरलेली व्हती," श्रीदेवी म्हणाली, आणि वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली.